बांधाच्या आतले तिवर

गेल्या वर्षी नववीच्या मुलांना मी आपल्या तालुक्याचा नकाशा काढायला लावला. आमची शाळा उर्दू माध्यमाची, विषय जुगराफिया, म्हणजे भूगोल. शेतीला हिरवा रंग, जंगलाला गडद हिरवा, पाण्याला निळा आणि पडीक जमिनीला पिवळा, अशी सूची फळ्यावर लिहून दिली होती. तास संपत आला तेव्हा खाडीकाठच्या गावातली एक मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. तिचा सगळा नकाशा रंगवून झाला होता, फक्त पश्चिमेकडचा एक पट्टा कोरा होता.

"टीचर, हमारे खेत को कौन सा रंग दूँ?"

मी म्हटले, शेत आहे ना, मग हिरवा दे. ती म्हणाली, "पर उस में तो तिवरं उगे हैं." मग गडद हिरवा दे. "पर भरती का पानी भी आता है." बरे, मग निळा. मुलगी हुशार होती. म्हणाली, "और सातबारा पे पड लिखा है."

मी बी.एड. आहे, बारा वर्षे भूगोल शिकवते आहे, आणि मला त्या मुलीला रंग सांगता आला नाही. तिचा पट्टा कोराच राहिला. त्या कोऱ्या पट्ट्यासाठी मला भांडायचे आहे. तो एकट्या त्या मुलीचा नाही, माझ्याही वडिलांचा आहे आणि पेण, अलिबाग, उरण या तालुक्यांतल्या हजारो घरांचा आहे.

पेण म्हटले की बाहेरच्या माणसाला गणपतीच्या मूर्ती आठवतात, फार तर पोहे-पापड. रायगड जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांतला हा एक. मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना वाटते की तालुका म्हणजे डोंगर आणि बाजारपेठ. खरे तर या तालुक्याचे दोन भाग आहेत. पूर्वेला डोंगरपट्टी, तिथे ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आणि हेटवणे धरण. पश्चिमेला धरमतरच्या खाडीपर्यंत पसरलेला खारेपाट. वाशी, वढाव, शिर्की ही तिकडची गावे. खाडीच्या पलीकडे अलिबाग तालुक्यातही तोच खारेपाट पुढे चालू राहतो. जमीन इतकी सपाट की एखादी गाय उभी असली तरी ती उंचवट्यासारखी दिसते. आणि मोठ्या उधाणाला भरतीची पातळी या शेतांच्या वर जाते.

हे एक वाक्य समजले तर बाकीचे सगळे समजते. खारेपाट ही निसर्गाने दिलेली जमीन नाही. माणसाने चिखल उचलून बांध घातला, समुद्राला बाहेर ठेवले आणि आत भात पिकवले. बांध आहे तोवर ते शेत आहे, बांध गेला की ती खाडी आहे. मधली स्थिती नाही. डोंगरातल्या शेतकऱ्याचा बांध फुटला तर त्याची माती वाहून जाते. खारेपाटातल्या शेतकऱ्याचा बांध फुटला तर त्याचा गाव समुद्रात जातो.

बांध कसा असतो ते आमच्या वाचकांपैकी किती जणांनी पाहिले असेल, कोण जाणे. खाडीकडचा मोठा बांध तो बाहेरकाठा. त्याला ठिकठिकाणी उघाड्या असतात. उघाडी म्हणजे झडपेचे दार. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ते उघडते आणि पावसाचे पाणी बाहेर जाते, भरतीला खाडीच्या पाण्याने ते आपोआप मिटते. वीज नको, माणूस नको. पावसाळ्याच्या सुरुवातीला पाऊस जमिनीतले मीठ धुतो, ते पाणी उघाडीतून बाहेर निघून जाते, आणि मग मोड आणलेले बी चिखलात फेकतात. त्याला रहू म्हणतात. आमच्याकडचे जुने भात म्हणजे राता. काळा राता, भुरा राता. तांबूस, जाड दाण्याचे, मीठ सोसणारे. नंतर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' असे सुधारित वाण दिले. म्हणजे कृषी विद्यापीठाच्या हिशेबात ही जमीन पिकणारी आहे, तिच्यासाठी खास वाण काढण्याइतकी पिकणारी आहे. हे लक्षात ठेवावे. पुढे दुसऱ्या कार्यालयात गेल्यावर हीच जमीन नापीक होणार आहे.

उधाणाचा हिशेब आमचे अब्बा हिजरी तारखेवरून करीत. चाँद दिसल्याच्या आसपासचे दिवस आणि चौदा-पंधरा तारखेनंतरचे दिवस. शेजारचे आगरी शेतकरी अमावास्या-पौर्णिमेच्या तिथीवरून करीत. उत्तर एकच यायचे. आषाढ-श्रावणातल्या त्या रात्री गावातली पुरुष माणसे कंदील घेऊन बांधावर असायची. कुठे खेकड्याचे बीळ पडले, कुठे पाणी झिरपते, हे पाहायला. छोटे भोक त्याच रात्री बुजवायचे, कारण सकाळपर्यंत त्याची खांड होते. या सामाईक कामाला जोळ म्हणत. प्रत्येक घराने आपल्या जमिनीच्या प्रमाणात माणसे द्यायची, ज्याने दिली नाहीत त्याने दंड भरायचा. आमच्या खाराच्या जोळाच्या यादीत आमचे नाव दोन आगरी घरांच्या मध्ये होते, आणि अब्बा आजारी पडले त्या वर्षी शेजारच्यांनी आमचे दिवस भरले. परतफेड म्हणून नंतर अब्बांनी त्यांचे भरले. हे सगळे मी ऐकलेले नाही, पाहिलेले आहे.

आता इतिहास. तो सांगितल्याशिवाय आजचा घोळ समजणार नाही.

१८८३ सालच्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये शिलोत्री नावाच्या एका पद्धतीची नोंद आहे. खारजमिनीचा बांध घालणारा आणि दुरुस्त करणारा जो मालक तो शिलोत्रीदार. बांध सांभाळण्याच्या बदल्यात तो कसणाऱ्यांकडून भाताचा वाटा घेई. पद्धत अन्यायाचीच होती. वाटा चुकायचा नाही, बांध मात्र कधी सांभाळला जायचा, कधी नाही. खोत आणि सावकारांच्या हाताखाली हा खारेपाट पिळून निघाला होता. म्हणूनच अलिबाग तालुक्यातल्या चरी गावातून १९३३ मध्ये शेतकऱ्यांचा संप उभा राहिला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. पंचवीस गावांतल्या कुळांनी जमीन कसायचीच नाही असे ठरवले आणि सहा वर्षे, १९३९ पर्यंत, ते वचन पाळले. करवंदे विकून, लाकूडफाटा विकून, मासे धरून दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ मध्ये चरीला येऊन गेले, आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. भारतातल्या शेतकऱ्यांचा इतका लांब चाललेला संप मला दुसरा माहीत नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांत बार्डोली आहे, चंपारण आहे. चरी शोधावी लागते. असो.

स्वातंत्र्यानंतर चरीच्या लोकांचे म्हणणे कायद्यात आले. १९४८ चा कुळकायदा, १९४९ चा खोती नष्ट करण्याचा कायदा, १९५५ चा कुलाबा जिल्ह्यातले शिलोत्री हक्क नष्ट करण्याचा कायदा, आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, ज्या दिवशी कुळे जमिनीची मालक मानली गेली. माझ्या आजोबांच्या नावाने फेरफार झाला तो याच काळात. मी या कायद्यांच्या विरोधात एक शब्दही लिहिणार नाही. पण एक गोष्ट कुणी बोलत नाही ती बोलायला हवी. कसणाऱ्याला जमीन मिळाली, बांध मिळाला नाही. १९४८ मध्येच खारजमिनींचा वेगळा कायदा झाला आणि बांधांसाठी सरकारी मंडळ आले. पुढे १९७९ मध्ये महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम आला. काही खार सरकारी योजना झाले, काही खासगी योजना म्हणून राहिले. ज्या हाताने बांध रात्री बुजवला जायचा त्या हातातून तो निघाला आणि अंदाजपत्रकात गेला. शिलोत्रीदार वाईट होता, पण त्याला गावात राहायचे होते. अंदाजपत्रकाला गावात राहायचे नसते.

जोळ एका दिवसात मेली नाही. आधी लोक म्हणू लागले, बांध सरकारचा आहे, आपण का राबायचे? मग सरकार म्हणू लागले, निधी आला की करू. मग कारखाने आले, तरुण पोरे कारखान्यात गेली. खाडीतून मालवाहू बार्ज ये-जा करू लागल्या आणि त्यांच्या लाटांनी बांध ढासळतो ही तक्रार काठावरची गावे वर्षानुवर्षे करीत आहेत. आणि आमच्या घरांतली पोरे आखातात गेली. हे शेवटचे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण दोष नेहमी दुसऱ्यांच्या दारात टाकायची आपली सवय आहे. दोहा-कुवेतहून आलेल्या पैशाने आम्ही घरावर स्लॅब टाकला, लग्ने थाटात केली. बांधावर एक टोपली माती टाकली नाही. खारात कुणाची माती टिकते, असे आमचेच लोक म्हणू लागले.

२०१४ च्या पावसाळ्यात आमच्या खाराला खांड पडली. सुरुवातीला ती पंधरा फुटांची होती. अब्बा आणि गावातले आणखी चार जण अर्ज घेऊन एका कार्यालयात गेले. तिथे सांगण्यात आले की ही खासगी योजना आहे, आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या कार्यालयात सांगण्यात आले की अंदाजपत्रक पाठवू. पुढच्या वर्षी खांड चाळीस फुटांची झाली. तिसऱ्या कार्यालयात नुकसानभरपाईसाठी गेले. पहिल्या वर्षीचे थोडे पैसे मिळाले. दुसऱ्या वर्षी पंचनाम्याला आलेल्या गृहस्थांनी विचारले, पीक कुठे आहे? अब्बा म्हणाले, खारे पाणी भरल्यावर पीक कसे येईल? गृहस्थ म्हणाले, पीकच नाही तर नुकसान कशाचे लिहू?

यात त्या माणसाचा दोष नव्हता. त्याच्या हातातल्या तक्त्यात तसेच होते. आपत्ती म्हणजे चक्रीवादळ, पूर, दुष्काळ, भूकंप, गारपीट, अशी केंद्राची यादी आहे. तीत उधाणाचे नाव नाही. महाराष्ट्राने स्वतःच्या यादीत समुद्राचे उधाण घेतले, हे चांगले केले. पण यादीतली आपत्ती एका रात्रीची असते. आमची आपत्ती एका रात्री सुरू होते आणि मग रोज दोन भरत्यांनी, वर्षानुवर्षे, चालू राहते. बांध बुजवल्यावरही जमीन गोडी व्हायला काही पावसाळे जावे लागतात. त्याला तक्त्यात रकाना नाही.

आणि मग तिवरे आली.

इथे मला शहरातल्या पर्यावरणप्रेमी मंडळींशी दोन शब्द बोलायचे आहेत, आणि ते मी त्यांचा शत्रू म्हणून बोलत नाही. तिवर काय करते हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. बाहेरकाठ्याच्या पुढे तिवर-कांदळाची रांग असली की लाट बांधावर आपटत नाही, हे आमच्या आजोबांना ठाऊक होते. बांधाबाहेरचे तिवर कुणी तोडले तर जोळीत त्याला जाब विचारला जायचा. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी कांदळवनांच्या तोडीला बंदी केली, सरकारी असो की खासगी, सर्व जमिनींवरच्या कांदळवनांना संरक्षण दिले, आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ते आणखी पक्के केले. मुंबईत, नवी मुंबईत, भराव टाकून तिवरे मारणाऱ्या लोकांना आवरायला हे हवेच होते. मी तो निर्णय वर्गात शिकवते.

पण कायद्याला तिवर दिसते, बांध दिसत नाही. बांधाच्या बाहेरचे तिवर आणि बांधाच्या आतले तिवर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरचे तिवर निसर्गाचे आहे. आतले तिवर आमच्या पराभवाचे आहे. खांड पडली, ती कुणी बुजवली नाही, भरतीबरोबर बिया आत आल्या, तीन-चार वर्षांत गुडघाभर आणि पुढे डोक्याएवढी झाडे झाली. आमच्या खारातला एक म्हातारा शेतकरी मला म्हणाला होता, "मॅडम, तिवरं आमी लावली नाय, आमी बोलावली बी नाय. दार उघडा रायला म्हून ती आयली." आता खांड बुजवायची तर यंत्र आत न्यायचे, यंत्र न्यायचे तर झाडे वाटेत, झाडे वाटेत तर वरपर्यंत परवानगी. झाडांभोवतीची पन्नास मीटरची पट्टीही राखीव. बांध वेळेत दुरुस्त न करणाऱ्याला एका शब्दाने कुणी विचारत नाही. तिवराच्या आतल्या आपल्या शेतात कोयता घेऊन उतरणारा शेतकरी मात्र गुन्हेगार ठरतो.

बरे, निदान पाणथळ जागा म्हणून तरी या मुलखाला मान आहे का? तोही नाही. १९७१ च्या रामसर करारात माणसाने तयार केलेल्या पाणथळ जागांचीही गणना आहे, भातखाचरांचीसुद्धा. भारत त्या करारात १९८२ मध्ये सामील झाला. पण आपल्या देशाचे २०१७ चे पाणथळ जागांचे नियम काढून पाहावेत. त्यातून भातशेती वगळली आहे, मिठागरे वगळली आहेत, मत्स्यतळी वगळली आहेत. खारेपाटात दुसरे आहे काय? पावसाळ्यात भात, शेताच्या कोपऱ्यातल्या तळ्यात जिताडा, चिखलात निवटी आणि चिंबोरी, थंडीत पक्षी. २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसरच्या यादीत गेली तेव्हा वर्तमानपत्रांत रोहित पक्ष्यांची रंगीत चित्रे छापून आली. चांगलेच झाले. पण ज्या पाणथळीत पक्ष्यांबरोबर माणूसही राहतो, तिला नाव द्यायला कुणी तयार नाही. उर्दूत शिकवताना माझी आणखी पंचाईत होते. पाणथळीला मी 'दलदली ज़मीन' म्हणते आणि पडिकाला 'बंजर'. दलदल म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर माणूस गिळणारा चिखल येतो, आणि बंजर म्हटले की वाळवंट. खार या दोन्हींत बसत नाही. खार हा शब्द खारच आहे, तो तसाच ठेवावा लागतो.

सातबाऱ्यावर मात्र तो ठेवलेला नाही. २०२१ पासून पीकपाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची आहे. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा. पीक नसेल तर पड निवडायची, चालू पड किंवा कायम पड. मी स्वतः आमच्या खाराच्या काठावर उभी राहून अब्बांच्या जमिनीची पाहणी भरली आहे. 'खारे पाणी भरले' असा पर्याय मला सापडला नाही. 'बांध फुटला' असाही नाही. शेवटी मी माझ्या बोटाने कायम पड लिहिली. अब्बा तेव्हा नुकतेच वारले होते. त्यांनी पंचेचाळीस वर्षे जी जमीन कसली ती त्यांच्या मुलीने पडीक म्हणून नोंदवली.

आता कुणी म्हणेल, मॅडम, नोंदीने काय होते? सगळे नोंदीनेच होते. जमीन कुणाला हवी असली की आधी तिला पडीक म्हणतात. 'महामुंबई' नावाच्या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या गावांवर संपादनाच्या नोटिसा आल्या, तेव्हाही खारात उगवते काय, असे विचारणारे विद्वान पुष्कळ होते. पेणमधली बावीस गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येत होती. म्हणजे पाटबंधाऱ्याच्या कागदावर ती ओलिताची जमीन होती. लोकांनी तेवढ्या एका कागदाला धरून लढा दिला. २१ सप्टेंबर २००८ रोजी त्या बावीस गावांत सरकारने जनमत घेतले. शेतकरी मतदानाला रांगेत उभे राहिले. देशात असे दुसरीकडे कुठे झाल्याचे मला ठाऊक नाही. त्याचा अधिकृत निकाल मात्र सरकारने जाहीर केला नाही. पुढे संपादन बारगळले, जमीन वाचली. पण ज्या पाण्याच्या नावाने ती वाचली ते हेटवण्याचे पाणी नवी मुंबईला जाते, आणि त्याच तालुक्यातल्या खारेपाटातल्या बाया एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहतात. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला घोटभर नाही, ही आमच्या तालुक्याची भूगोलाची व्याख्या.

तेव्हा निदान शेत हे शेत होते. आज काय आहे? १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला आणि मुंबई अर्ध्या-पाऊण तासावर आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमण्यात आले. सुमारे ३२३ चौरस किलोमीटर. त्याला लोक तिसरी मुंबई म्हणतात. पहिल्या दोन मुंबयांनी खाडीचे काय केले ते आपल्यासमोर आहे. माझा विकासाला विरोध नाही, माझ्या वर्गातल्या मुलींना नोकऱ्या हव्यात. पण सरकारी मोजणीला जेव्हा माणसे येतील, तेव्हा वीस वर्षे पिकाखाली असलेल्या जमिनीचा भाव वेगळा आणि कायम पड असलेल्या जमिनीचा वेगळा, हे सांगायला मी भूगोलाची शिक्षिका असण्याची गरज नाही. जिथे तिवर वाढले तिथे तर विकताही येत नाही आणि कसताही येत नाही. फक्त दलालाला स्वस्तात देता येते, कारण दलालाला वाट पाहणे परवडते.

आमच्याकडेही दलाल येऊन गेला. माझा भाऊ कतारला असतो. फोनवर म्हणाला, "आपा, त्या चिखलाचे पैसे येत असतील तर घेऊन टाक." मी त्याच्यावर रागावले नाही. त्याने त्या जमिनीत कधी भात पाहिलेला नाही. तो मोठा होईपर्यंत तिथे पाणीच होते.

आमच्या साहित्याबद्दलही बोलले पाहिजे, कारण हा साहित्याचा अंक आहे. कोकणातल्या मुसलमानांवर आपण काय लिहितो? परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी बायको, मोडकळीस आलेले घर, मोहल्ल्यातले ताणतणाव, शिक्षणासाठी झगडणारी मुलगी. हे सगळे खरे आहे आणि लिहिलेच पाहिजे. पण त्या बायकोच्या घरामागे जे शेत होते त्याचे काय झाले, हे कुणी विचारत नाही. आपल्या कथांत समुद्र येतो तो उसासे टाकायला. तो बांधावर आपटताना येत नाही. आमच्यातले कुणी शेतकरी होते, कुळ होते, जोळीत राबत होते, दालदी म्हणून खाडीत जाळे टाकत होते, हे आमच्या मुलांना ठाऊक नाही. मग उद्या कुणी म्हणाले की तुमचा या मातीशी संबंध काय, तर ती मुले कोणता कागद दाखवणार? ज्यावर पड लिहिले आहे तो?

माझ्या मागण्या लहान आहेत आणि त्यांना नवा कायदाही लागणार नाही. खारजमीन विकास कायद्याखालच्या योजनांचे जुने नकाशे सरकारदरबारी आहेत. त्यावर बाहेरकाठा कुठून जातो ते आखलेले आहे. त्या रेषेच्या आत जे तिवर आले ते खांड पडल्यानंतर आले, एवढे मान्य करा आणि खांड बुजवायला वाट द्या. रेषेच्या बाहेरच्या एका फांदीला कुणी हात लावला तर त्याला जरूर शिक्षा करा, आम्ही साक्षीला येऊ. दुसरे, दुरुस्तीचा निधी पावसाळ्यानंतर नको, आधी द्या, आणि पंधरा फुटांच्या खांडीपुरता तो गावाच्या हातात द्या. पंधरा फुटांना टोपल्या पुरतात, शंभर फुटांना कोट्यवधी रुपये लागतात. तिसरे, पीकपाहणीच्या यंत्रात एक ओळ घाला. 'खारे पाणी शिरल्याने पीक नाही.' मोबाइलमध्ये एक ओळ वाढवायला किती खर्च येतो?

यावर मला एका सद्गृहस्थांनी सांगितले की समुद्राची पातळी वाढते आहे, हे बांध आज ना उद्या जाणारच, कशाला जिवाचा आटापिटा करता? समुद्र वाढतो आहे हे मलाही शिकवावे लागते. पण मग मुंबईतले रस्ते, बंदरे, विमानतळ त्याच समुद्राच्या काठावर का बांधले जात आहेत? तिथे समुद्राला अडवायला सिमेंट आहे आणि इथे समुद्रापुढे शहाणपण आहे, असे कसे?

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या खाराच्या खांडीचा विषय घ्यावा, असा अर्ज मी दिला आहे. शिक्षिकेने यात पडू नये असे मला दोघा-तिघांनी सुचवले. मी शिक्षिका म्हणून जात नाही, वारस म्हणून जाते आहे. माझे नाव सातबाऱ्यावर आहे. पेण-अलिबागच्या खारेपाटातले जे वाचक असतील, त्यांनी घरातली जुनी पेटी उघडून १९५७ नंतरचे फेरफार, जोळीच्या वह्या, शेतसाऱ्याच्या पावत्या, जे मिळेल ते काढून ठेवावे. आमच्या घरात शेतसाऱ्याच्या सात पावत्या मिळाल्या. एकीवर वाळवी लागली आहे, पण गट क्रमांक वाचता येतो.